इटलीच्या घरांत रोज जे शिजते, ते छापावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेली सोळा वर्षे मी इटलीतील बोलोन्या शहरात राहते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो, मुले इथल्याच शाळेत वाढली आणि आता घरात दोन्ही भाषा सारख्याच बोलल्या जातात. तरीही रविवारी सकाळी आपली पुरवणी वाचल्याखेरीज माझ्या दिवसाची सुरुवात होत नाही. याच पुरवणीत अलीकडे ‘घरच्या घरी इटालियन मेजवानी’ या मथळ्याखाली चार पाककृती आल्या होत्या. पास्त्यात वाटीभर क्रीम, त्यावर चीजचे दोन थर, दोन चमचे ‘मिक्स्ड हर्ब्ज’, सोबत लसूण आणि लोणी लावून भाजलेला पाव, आणि या सगळ्यावर ‘संपूर्ण शाकाहारी’ असा निर्वाळा. पुढच्याच आठवड्यात एका वाचकाचे पत्र छापून आले, की मैदा आणि चीज यांचे हे जेवण मुलांपासून दूर ठेवलेलेच बरे. पाककृती देणाऱ्यांचा उत्साह मला समजतो आणि त्या वाचकाची काळजीही समजते. परंतु दोघेही ज्या जेवणाविषयी लिहीत होते, ते जेवण सोळा वर्षांत मी इथल्या एकाही घरात शिजताना पाहिलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लिहिण्यास आणखी एक कारण आहे. १० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीच्या पाकपरंपरेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आपल्या दिवाळीचा समावेशही त्याच बैठकीत झाला, त्यामुळे तिकडच्या वृत्तपत्रांत साहजिकच दिवाळीची बातमी मोठी आली आणि ही बातमी कोपऱ्यात गेली. हा मान कोणा एका पदार्थाला किंवा नामांकित हॉटेलांच्या बल्लवांना मिळालेला नाही, तर घरोघरी स्वयंपाक करण्याच्या, एकत्र बसून जेवण्याच्या आणि हाताशी असलेले काहीही वाया न घालवण्याच्या रीतीला मिळालेला आहे. ही रीत मराठी वाचकांपर्यंत पोचावी असे मला मनापासून वाटते, कारण ती आपल्या वाचकांना वाटते त्यापेक्षा फार जवळची आहे.

ती जवळची आहे हे मला कळले ते एका आजारपणात. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने अंथरुणाला खिळले होते. खालच्या मजल्यावर दक्षिणेकडील पूल्या प्रांतातून येऊन बोलोन्यात स्थायिक झालेल्या एक आजी राहत. त्या जिना चढून आल्या आणि एक झाकलेले भांडे ठेवून गेल्या. झाकण काढले तर आत पिवळसर, घट्ट, वाफाळते वरण, त्याच्या अर्ध्या भागावर उकडून घातलेली गडद हिरवी पालेभाजी, आणि दोन्हींवरून सोडलेली हिरवट तेलाची धार. चवीला वरण गोडसर आणि भाजी स्पष्ट कडू. दोन्ही एका घासात घेतले की एकाने दुसऱ्याची बाजू सावरावी तसे होई. या पदार्थाला ‘फावे ए चिकोरिया’ म्हणतात. फावा ही आपल्या वालाच्या चेहऱ्यामोहऱ्याची, पण त्याहून मोठी शेंग. तिचे दाणे वाळवून, सोलून ठेवलेले असतात. ते भिजवायचे आणि पाणी व मीठ घालून मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्यायचे. जुन्या घरांत ‘पिन्याता’ नावाचे उभट मातीचे भांडे विस्तवालगत ठेवून ते शिजवीत. दाणे विरघळू लागले की लाकडी डावाने घोटत घोटत तेल घालायचे. काही घरांत एखादा बटाटा पडतो. त्यापलीकडे ना मसाला, ना फोडणी. नंतर मी आजींना विचारले, की यात चीज घालत नाहीत का? त्यांना प्रश्नच उमजेना. फावा शिजवायच्या त्या चीज परवडत नव्हते म्हणूनच, असे त्यांनी मला अगदी सरळपणे सांगितले.

इटलीतील घरगुती स्वयंपाकाचा मोठा भाग हा असा कडधान्ये, पालेभाज्या आणि शिळा पाव यांच्यावर उभा आहे, आणि इथल्या लोकांना ते सांगण्यात जराही कमीपणा वाटत नाही. ‘कुचिना पोवेरा’, म्हणजे गरिबाघरचा स्वयंपाक, हे शब्द इथे कौतुकाने उच्चारले जातात. टस्कनीच्या लोकांना शेजारचे प्रांत ‘घेवडाखाऊ’ म्हणून चिडवत आले आहेत, इतका तिथे पांढरा घेवडा खाल्ला जातो. सेजची दोन पाने आणि लसणीची एक पाकळी टाकून तो शिजवायचा आणि ताटात घेतल्यावर वरून कच्चे तेल घालायचे. उंब्रिया प्रांतात कास्तेलुच्चो गावच्या पठारावर होणारी बारीक मसूर देशभर नावाजलेली आहे, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री मसूर खाल्ली म्हणजे नव्या वर्षात पैसा येतो, ही समजूत शहरी घरांतही पाळली जाते.

या धान्यबाजारात हिंडताना मला वारंवार थांबावे लागले आहे. मी विदर्भातली. लाखोळीची डाळ लहानपणी घरात असे, आणि तीच लाखोळी मला मार्के प्रांतात ‘चिचेर्क्या’ या नावाने, अख्ख्या कोनाकोनांच्या दाण्यांत, कापडी पिशवीत बांधून विकायला ठेवलेली दिसली. टस्कनीच्या उत्तरेला गारफान्याना नावाचे डोंगराळ खोरे आहे. तिथला ‘फार्रो’ घेवड्याबरोबर शिजवून त्याचे दाट सूप करतात, आणि हा फार्रो म्हणजे आपला खपली गहू. सुक्या पास्त्याचा डुरम गहू म्हणजे आपल्याकडचा बन्सी. नेपल्सकडे उन्हाळ्यात हिरव्या सॅलडमध्ये कच्ची घोळ घालतात. आणि बेसन तर लिगुरिया प्रांताचा प्राण आहे. चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्याच जिनसांचे पातळ पीठ कालवून काही तास तसेच ठेवायचे, वर आलेला फेस काढून टाकायचा आणि कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत करपण्याच्या बेताला येईपर्यंत भाजायचे, ही ‘फारिनाता’. जेनोआमध्ये ती कागदावर घेऊन, वर मिरपूड घालून उभ्याउभ्या खातात. कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ असा तिचा तुकडा तोंडात घातल्यावर मराठी माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. सिसिलीत पालेर्मोला हेच पीठ पिठल्यासारखे घट्ट शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात आणि पावात घालून देतात. आपल्या पुरवणीत यांपैकी एकही नाव मला कधी आढळले नाही, आणि बेसन ज्यांच्या घरात बारा महिने असते त्या वाचकांना इटालियन म्हणून क्रीम विकत आणायला सांगितले जाते, याचे मला वाईट वाटते.

जिन्नस जवळचे असले तरी हात मात्र वेगळा लागतो, आणि तो शिकायला मला काही वर्षे लागली. इथल्या बहुतेक रश्श्यांची आणि सुपांची सुरुवात ‘सोफ्रितो’ने होते. कांदा, गाजर आणि सेलरीचा दांडा अगदी बारीक चिरायचा, तो तेलात घालायचा आणि परतायचा. हे वाचताना आपल्याला फोडणी आठवते आणि तिथेच चूक होते. आपल्या फोडणीचे तेल इतके तापावे लागते की मोहरी तडतडलीच पाहिजे. न तडतडली तर ती कडू लागते आणि सगळे वाया जाते. सोफ्रितोमध्ये आवाज असा नकोच असतो. तेल कोमट असतानाच भाजी आत जाते, आच शक्य तितकी मंद, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे कान देऊन ऐकले तरच ऐकू येईल अशी बारीक कुजबुज. कांदा तांबूस व्हायचा नाही, पारदर्शक व्हायचा आणि गाजराने तेलाला केशरी रंग द्यायचा. मी पहिल्यांदा सवयीने आच मोठी केली तेव्हा आजींनी काही न बोलता गॅस बंद केला, पातेले उचलून त्यातले सगळे टाकून दिले आणि माझ्या हातात दुसरा कांदा दिला. त्यांच्या मते जळक्या कडेचा एक तुकडाही दोन तास शिजणाऱ्या सुपाला पुरून उरतो. आज मी दोन्ही करते, आणि एकीचा नियम दुसरीला लावत नाही.

यासाठी लागणारी सेलरी, गाजर, पार्सली यांची लहान जुडी टस्कनीत किंवा रोममध्ये जुना भाजीवाला बाकीच्या भाजीबरोबर फुकट देतो, आपल्याकडे भाजीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या पडतात तशीच. तिला ‘ओदोरी’, म्हणजे सुवास, असे नाव आहे.

सुवासाचा विषय निघालाच आहे, तर ‘मिक्स्ड हर्ब्ज’ किंवा ‘इटालियन सीझनिंग’ या नावाने तिकडे मिळणाऱ्या बाटलीविषयी लिहायला हवे. ही बाटली इथल्या घरात नसते. इथे प्रत्येक पाल्याचा जोडीदार ठरलेला आहे: टोमॅटोला बेसिल, चण्याला आणि बटाट्याला रोजमेरी, घेवड्याला आणि लोण्याला सेज, मासळीला आणि अळंब्यांना पार्सली. ओरेगानो वाळवलेला वापरतात, तोही मुख्यतः दक्षिणेत, आणि फुलोऱ्यासकट वाळवलेल्या जुड्या हाताने चोळून. हे सगळे एकत्र करून प्रत्येक पदार्थावर भुरभुरवले की प्रत्येक पदार्थाची चव एकच होते, आणि इथल्या स्वयंपाकाला नेमके तेच टाळायचे असते. कांदा आणि लसूणही अनेक रश्श्यांत एकत्र येत नाहीत. टोमॅटोच्या साध्या रश्श्यात लसणीची एक अख्खी पाकळी किंचित ठेचून तेलात सोडतात आणि तिचा वास तेलात उतरला की ती काढून टाकतात. आपल्या आले-लसणीच्या वाटणावर वाढलेल्या जिभेला हे प्रथम फिके वाटते, मलाही वाटले. पण टोमॅटो ऑगस्टमधला असेल आणि तेल चांगले असेल, तर महिनाभरात जीभ ते ऐकू लागते.

पास्त्याविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहेत, आणि त्यांतला मैद्याचा तर साफ चुकीचा आहे. इटलीत सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, हा १९६७ पासूनचा कायदा आहे. मऊ गव्हाच्या पिठाला त्यात नावापुरतीच, शेकडा ३ इतकी सूट आहे. मऊ गव्हाचे बारीक पीठ लागते ते आमच्या बोलोन्याकडच्या ताज्या पास्त्याला, आणि त्यातही १०० ग्रॅम पिठाला एक अंडे असा हिशोब असतो. म्हणजे जे कुटुंब अंडे खात नाही, त्याने ताजा पास्ता दिसला की आधी विचारून घ्यावे. साधा सुका पास्ता मात्र निव्वळ रवा आणि पाणी यांचा. माणशी ८० ते १०० ग्रॅम पुष्कळ झाला. त्याच्या १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ हे माप इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी खळखळ उकळल्यावर मीठ, मग पास्ता. त्यात तेल घालत नाहीत, आणि शिजल्यावर तो थंड पाण्याखाली धरणे म्हणजे त्याच्या अंगावरची सगळी खळ धुऊन टाकणे. या खळीवरच पुढचे सारे अवलंबून असते. पास्ता किंचित कच्चा असताना उपसून रश्श्याच्या कढईत घालायचा, त्याच्याच पाण्याचे एक-दोन डाव त्यावर सोडायचे आणि मोठ्या आचेवर हलवत राहायचे. तेल आणि ते खळीचे पाणी मिळून येते आणि पास्त्याला दुधाळ चकाकी चढते. ज्या दाटपणासाठी आपल्या पाककृतीत वाटीभर क्रीम होते, तो दाटपणा इथे फुकटच्या पाण्यातून येतो. कार्बोनारा या रोमच्या पदार्थातसुद्धा क्रीम नसते. अंडी, डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, पेकोरिनो चीज आणि मिरपूड एवढेच त्यात असते. मी तो खात नाही, पण ज्यांना तो खायचा आहे त्यांच्यापर्यंत तो खरा पोचावा.

तसेच भाताचे. बोलोन्यात पहिल्यांदा रिसोत्तो करायला घेतला तेव्हा आईने शिकवल्याप्रमाणे मी तांदूळ चार पाण्यांनी स्वच्छ धुतला आणि तो पदार्थ बिघडला. कार्नारोली किंवा विआलोने नानो हे पो नदीच्या खोऱ्यातले जाड तांदूळ धुवायचे नसतात. ते कोरडेच परतून घ्यायचे आणि मग उकळते सूप डावाडावाने पाजत न्यायचे. आपल्याला मोकळा भात हवा असतो, त्यांना ताट वाकडे केले की लाटेसारखा सरकणारा हवा असतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, आणि ही आपल्या संपादकीय विभागाने कृपया लक्षपूर्वक वाचावी. पार्मिजानो रेज्जानो, ज्याला आपल्याकडे सरसकट पार्मेझान म्हणतात, ते शाकाहारी नाही. त्यात दूध, मीठ आणि दूध घट्ट करणारे रेनेट याखेरीज चौथे काही घालण्यास मनाई आहे, आणि हे रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असते. सुमारे ५५० लिटर दुधातून साधारण ४० किलोचे एक चाक तयार होते, ते किमान १२ महिने मुरवले जाते, आणि त्या दीर्घ परंपरेचा मी मनापासून आदर करते. पण ते शाकाहारी नाही हे खरे आहे. ग्राना पादानो या चीजचेही तेच, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचे रेनेट लागते. मला हे इथे आल्यावर दोन वर्षांनी एका चीजवाल्याने सांगितले. तोपर्यंत मी सासूबाईंना, ज्यांनी आयुष्यात अंडेही खाल्ले नाही, त्यांच्या इथल्या मुक्कामात तेच किसून वाढले होते. त्यांना ते सांगायचे मला आजवर धैर्य झालेले नाही. आपल्या पुरवणीत ‘संपूर्ण शाकाहारी’ या शब्दांखाली पार्मेझान छापले जाते तेव्हा कितीतरी घरांत हेच घडत असेल.

ज्यांना हे टाळायचे आहे त्यांच्यासाठी मार्ग आहेत. इथे काही चीजच्या वेष्टनावर ‘कालियो वेजेताले’ म्हणजे वनस्पतिजन्य रेनेट किंवा ‘मिक्रोबिको’ म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट असे लिहिलेले असते, आणि ‘मास्कारपोने’ हे मऊ चीज आंबट द्रव्याने घट्ट केले जाते, त्याला रेनेट लागतच नाही. इटलीत फिरायला येणाऱ्या आपल्या वाचकांनी आणखी काही ठिकाणी जपावे: आमच्या शेजारच्या रोमान्या भागातल्या ‘पियादिना’ या चपातीसारख्या भाकरीत परंपरेने डुकराची चरबी घालतात, पान्ना कोत्ता हा गोड पदार्थ प्राणिजन्य जिलेटिनने घट्ट केलेला असतो, आणि भाज्यांच्या सुपात पार्मिजानोची टणक साल चवीसाठी उकळत ठेवण्याची घरगुती पद्धत आहे, ती मेन्यूत कोणी लिहीत नाही. मांस नाही ना, एवढे विचारून भागत नाही. काय काय घातले आहे, असे विचारावे. इथले लोक न कंटाळता, उलट आनंदाने, सगळे सांगतात.

चीज परवडत नसे किंवा चालत नसे, तिथे दक्षिणेतल्या घरांनी शोधलेली तोड मला फार आवडते. शिळा पाव कुटून, त्याचा चुरा थोड्या तेलात बदामी होईपर्यंत परतायचा आणि तो चीजच्या जागी पास्त्यावर घालायचा. कुरकुरीत, खमंग, आणि कोणाच्याही व्रताला बाधा न आणणारा. पाव इथे टाकत नाहीत. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो, तो दोन-तीन दिवसांत दगडासारखा होतो आणि मग त्याचे खरे आयुष्य सुरू होते. उन्हाळ्यात तो पाण्यात भिजवून, पिळून टोमॅटो, काकडी, कांदा आणि बेसिलबरोबर कालवतात. थंडीत घेवडा आणि काळपट पानांच्या कोबीबरोबर शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात, म्हणून त्याचे नावच ‘रिबोल्लिता’, पुन्हा उकळलेली. आपल्या पाककृतीतला लोणी-लसणीचा पाव इथे माहीत नाही. त्याच्या जागी, नोव्हेंबरात ऑलिव्हचे नवे तेल घाण्यावरून आले की पावाची जाड चकती निखाऱ्यावर भाजतात, तिच्या खरखरीत अंगावर लसणीची कच्ची पाकळी एकदाच घासतात आणि तेलाने न्हाऊ घालतात. नवे तेल घशात मिरीसारखे झोंबते आणि खोकला येतो. खोकला आला म्हणजे तेल चांगले, असे आजी म्हणत.

एका ऑगस्टमध्ये आजींनी आम्हाला त्यांच्या गावी नेले होते, ते वर्षभराच्या टोमॅटोच्या बाटल्या भरण्यासाठी. पहाटे चारला अंगणात सगळे घर जमलेले. कोणी टोमॅटो धुतोय, कोणी चिरतोय, एका मोठ्या पातेल्यात ते उकळताहेत, मुले यंत्राचे हँडल फिरवून साल आणि बिया वेगळ्या करताहेत. प्रत्येक बाटलीत आधी बेसिलचे एक पान, मग तो लाल रस, मग झाकण. भरलेल्या बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून जुन्या चादरीच्या चिंध्यांत गुंडाळून पत्र्याच्या पिंपात रचल्या, पाण्याने पिंप भरले, खाली जाळ केला. आणि उकळी आल्यावर अर्धा-पाऊण तासाने जाळ काढून रात्रभर बाटल्या त्याच पाण्यात निवू दिल्या. दुपारी सगळ्यांची बोटे सुरकुतलेली आणि अंगण टोमॅटोच्या वासाने भरलेले. माझ्या आजोळच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया घालताना अशीच पहाट असे, आणि मी ते त्यांना सांगितले तेव्हा कुरडई म्हणजे काय हे समजून घ्यायला तीन पिढ्यांच्या बायका हातातले काम थांबवून उभ्या राहिल्या.

हे चित्र संपूर्ण इटलीचे आहे असा माझा दावा नाही. नोकरी करणाऱ्या तरुण घरांत डब्यातला घेवडा आणि तयार पासाता, म्हणजे टोमॅटोचा गाळलेला रस, यांवरच बहुतेक संध्याकाळी निभावतात, सुपरमार्केटमध्ये जानेवारीतही टोमॅटो मिळतो आणि मुलांना हॅम्बर्गर आवडतो. पण भाजीबाजारात जानेवारीचा टोमॅटो घेणारी गृहिणी मला क्वचितच दिसते. त्या महिन्यात तिच्या पिशवीत रादिक्यो ही कडू पालेभाजी, बडीशेपेचे पांढरे गड्डे आणि काळपट कोबी असतो. एप्रिलमध्ये आर्टिचोक, जून उजाडला की झुकिनी आणि तिची पिवळी फुले, जी पिठात बुडवून तळतात. अर्धा किलो सुके चणे इथे दोन युरोच्या आसपास मिळतात आणि चार माणसांचे दोन वेळचे जेवण त्यात होते.

पेल्लेग्रिनो आर्तुसी या कापडाच्या निवृत्त व्यापाऱ्याने १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने पाककृतींचे एक पुस्तक छापले. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या आणि त्यांच्या हयातीतल्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत त्या ७९० झाल्या, कारण देशभरातल्या वाचकांनी त्यांना पत्रांतून आपापल्या घरचे पदार्थ कळवले. वृत्तपत्राच्या पुरवणीला असे करणे अवघड नाही. इटलीत आणि इतरत्र राहणारे पुष्कळ मराठी लोक शेजारपाजारच्या घरांत जेवतात, शिकतात आणि रोज तसे करूनही पाहतात. त्यांना विचारावे, जिन्नस जसेच्या तसे छापावेत, बदल केला असेल तर तो बदल आहे असे लिहावे, आणि शाकाहारी हा शब्द खात्री करूनच वापरावा, एवढी माझी विनंती आहे.

सुरुवात म्हणून आजींची ‘पास्ता ए चेची’, म्हणजे चणे-पास्ता, पाठवत आहे. त्या जिथे ‘क्वांतो बास्ता’, पुरेल तितके, असे म्हणत, तिथे मी ‘चवीपुरते’ लिहिले आहे. चार माणसांसाठी पाव किलो काबुली चणे रात्रभर भिजवावेत. सकाळी पाणी बदलून रोजमेरीची एक काडी आणि लसणीची एक पाकळी घालून, मीठ न घालता, बोटाने दाबले की पीठ होईल इतके शिजवावेत. काडी आणि पाकळी काढून टाकावी. एक कांदा, अर्धे गाजर आणि सेलरीचा छोटा दांडा बारीक चिरून मंद आचेवर तेलात मऊ करावा, त्यात दोन चमचे टोमॅटोचा रस घालावा. निम्मे चणे त्यांच्याच पाण्यात घोटून आणि निम्मे अख्खे असे त्यात मिसळावेत, चवीपुरते मीठ घालून उकळी आणावी. मग दीडशे ग्रॅम आखूड पास्ता थेट त्या चण्यांतच सोडावा, वेगळा शिजवू नये. लागेल तसे गरम पाणी घालावे. शिजल्यावर गॅस बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे ते आळते. ताटात वाढल्यावर कच्चे ऑलिव्हचे तेल आणि मिरपूड घालावी. चीज घालू नये.

आपली नम्र,
एक वाचक, बोलोन्या, इटली